नामदार गोपाळ कृष्ण गोखले : मत कुणाला द्यायचं?



दरवर्षी जुलैमध्ये आमच्या शाळेत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. तुमच्याकडेही होत असेल. उमेदवारी अर्ज, चिन्हं, प्रचार, बोटाला शाई, सगळं अगदी खऱ्यासारखं. यंदा मुख्यमंत्रिपदाला दोन उमेदवार होते. एका मुलाने सांगितलं की शाळेला मोठं ग्रंथालय करू, कुणी कुणाला मारणार नाही, चिडवणार नाही अशी शाळा करू. दुसरी उमेदवार पाचवीतली मुलगी. तिने फक्त एवढंच सांगितलं की हात धुण्याच्या जागेचा तुटलेला नळ बसवून घेऊ.

त्या संध्याकाळी एक पालक गेटवर भेटले. त्यांची लेक घरी विचारत होती की चांगल्या विचारांच्या मुलाला मत द्यायचं की काम करून दाखवणारीला. त्यांना उत्तर देता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही आलं नाही. मी मतदान केंद्रावर ड्युटी केली आहे, लोकांच्या बोटांना शाई लावली आहे. पण मत कुणाला द्यावं हे सांगणं आपलं काम नाही, आणि तसं सांगूही नये. मात्र मत देताना काय बघावं, हे तरी मुलांना सांगता आलं पाहिजे ना?

म्हणून आजच्या लेखात आपण नामदार गोखले यांचं चरित्र पाहणार आहोत. हा माणूस आदर्शवादी होता की व्यवहारी, यावर त्यांच्या हयातीत अख्खं पुणं भांडलं. आणि ते आपल्यासारखेच शिक्षक होते.

कोतळूक ते फर्ग्युसन

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात कोतळूक या गावी झाला. वडील कागलला नोकरीला होते, त्यामुळे सुरुवातीचं शिक्षण कागल आणि कोल्हापूरला झालं. गणिताच्या उत्तराला दुसऱ्याची मदत घेतली म्हणून शाबासकी मिळाल्यावर रडणारा लहान गोपाळ आपण सगळेच परिपाठात सांगतो. पण आपण बहुतेक वेळा तिथेच थांबतो. गोखल्यांचं खरं चरित्र त्या गोष्टीच्या पुढे सुरू होतं.

१८७९ मध्ये वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडलं आणि महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते गोपाळला पाठवत आणि उरलेल्या ७ रुपयांत घर चालवत. भावाच्या पैशावर शिकणारा मुलगा किती जपून खर्च करत असेल, ते वेगळं सांगायला नको. १८८४ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, ते बी. ए. झाले. त्या काळच्या पदवीधराला सरकारी नोकरी सहज मिळत होती. घरच्यांनाही तीच आशा होती. पण १८८५ मध्ये गोपाळराव पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर शिक्षक झाले, आणि पुढच्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. म्हणजे २० वर्षं, महिना सुमारे ७५ रुपयांवर, फक्त शिकवायचं. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवलं, इंग्रजी शिकवलं, इतिहास शिकवला. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक पुढे शाळांमधून खूप चाललं.

आता गंमत बघा. टिळक आणि गोखले यांच्यातला पहिला मोठा खटका देशाच्या राजकारणावरून उडालाच नाही. तो उडाला शिक्षकांच्या खोलीत! टिळकांचं म्हणणं असं की आजीव सभासदाने आपला सगळा वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेर दुसरं काही करू नये, बाहेरची कमाई घेऊ नये. तत्त्व म्हणून हे किती स्वच्छ आहे! गोखल्यांनी मात्र १८९० मध्ये सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं. त्यांना वाटत होतं की वर्गातलं काम नीट सांभाळून हेही करता येईल. त्याच वर्षी टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. वादाची कारणं आधीपासून साचलेली होती, पण निमित्त हे झालं. इथे कुणाचं बरोबर, हे मी आमच्या डी.एड.च्या मैत्रिणींना विचारलं तर निम्म्या टिळकांच्या बाजूने आणि निम्म्या गोखल्यांच्या बाजूने निघाल्या.

सार्वजनिक सभेत गोखल्यांना न्यायमूर्ती रानडे गुरू म्हणून लाभले. रानड्यांची शिकवण कडक होती. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे काढायचे, अर्ज लिहायचा, तो रानड्यांनी खोडायचा आणि गोखल्यांनी पुन्हा लिहायचा. अनेक अर्जांना सरकारकडून धड उत्तरही येत नसे. तरी लिहायचेच. आपल्या अर्जातलं विधान उद्या कुणी तपासलं तर ते टिकलं पाहिजे, ही सवय गोखल्यांना इथे लागली. आणि हीच सवय त्यांना १८९७ मध्ये फार महागात पडली.

माफी

१८९७ मध्ये गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले. वय ३० च्या आसपास. हिंदुस्थानचा खर्च कसा होतो, सैन्यावर किती जातो, हे त्यांनी तिथे आकड्यांनिशी मांडलं आणि साक्ष गाजली. याच वेळी पुण्यात प्लेग होता. प्लेगसाठी घरोघर झडती घेणाऱ्या गोऱ्या सोल्जरांबद्दल पुण्याहून मित्रांची पत्रं येत होती. त्या पत्रांच्या भरवशावर गोखल्यांनी मँचेस्टर गार्डियन या वर्तमानपत्राला सांगितलं की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. विलायतेत खळबळ उडाली. इकडे २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली होती आणि वातावरण तापलेलं होतं. सरकारने पुरावा मागितला.

जुलैमध्ये गोखले मुंबईला उतरले. पुण्यात दहशत होती, पुढे येऊन साक्ष द्यायला कुणी तयार नव्हतं. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगितली तर त्यांच्यावर संकट आलं असतं. गोखल्यांनी नावं सांगितली नाहीत. आपलं विधान सिद्ध करता येत नाही हे मान्य केलं आणि गव्हर्नरची आणि सोल्जरांची जाहीर, बिनशर्त माफी मागितली.

शिक्षकमित्रांनो, हा प्रसंग नीट समजून घ्या. लोकांचा जीव जळत होता. झडत्यांत पुणेकरांना जो त्रास झाला तो काही खोटा नव्हता. अशा वेळी आपल्याच माणसाने सोल्जरांची माफी मागावी हे कुणाला रुचणार? पुण्यात त्यांच्यावर भित्रेपणाचा शिक्का बसला. त्याच वर्षी टिळक राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले. एक जण तुरुंगात आणि दुसरा माफी मागून मोकळा, अशी तुलना घरोघर झाली.

लहानपणी मलाही ही माफी आवडायची नाही. आता मत थोडं बदललं आहे. माफी मागून गोखल्यांना मिळालं काय? सरकारी मेहेरबानी नाही, लोकांचं प्रेम नाही. राजकारणात उभं राहू पाहणाऱ्या तरुणाने आपलं नाव स्वतःच्या हाताने बुडवलं होतं. व्यवहारी माणूस असं करत नाही, तो गुळमुळीत खुलासा करून सुटतो. आणि आदर्शवादी म्हणावं, तर आदर्शवादी माणूस आपल्या शब्दाला चिकटून बसला असता. मग यांना म्हणायचं काय? माफीनंतर ते तोंड लपवून बसले नाहीत. पुढे प्लेग आला तेव्हा स्वयंसेवक होऊन मदतीच्या कामाला लागले.

दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, ते मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून आले. पुढे फिरोजशहा मेहता बाजूला झाले आणि मुंबई प्रांतातर्फे गोखले व्हाइसरॉयच्या मोठ्या कौन्सिलात गेले. तेव्हा आपल्यासारखं सर्वांना मत नव्हतं. प्रांतिक कौन्सिलातले बिनसरकारी सभासद, म्हणजे मोजकीच माणसं, हा प्रतिनिधी निवडत. त्या मोजक्या माणसांनी माफीची बदनामी डोक्यावर असलेला मास्तर पाठवला.

कौन्सिलात काय मिळालं?

२६ मार्च १९०२ ला गोखल्यांचं अंदाजपत्रकावरचं पहिलं भाषण झालं. सरकारच्या तिजोरीत शिल्लक होती आणि सरकार खूश होतं. देशात दुष्काळ, प्लेग असताना तिजोरीत शिल्लक पडते याचा अर्थ रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो, हे गोखल्यांनी आकड्यांनी दाखवून दिलं. मिठावरचा कर हा त्यांचा दरवर्षीचा विषय. तेव्हा तो मणामागे अडीच रुपये होता. १९०३, १९०५ आणि १९०७ असा टप्प्याटप्प्याने तो कमी होत एक रुपयावर आला. याचं श्रेय एकट्या गोखल्यांना देता येणार नाही, इतरही मागणी करत होतेच. पण गरिबाच्या भाकरीवरचं मीठ स्वस्त झालं हे खरं.

१९१० मध्ये नाताळला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या त्या वसाहतीत, करारबद्ध मजूर पाठवणं बंद करावं हा त्यांचा ठराव सरकारने मान्य केला आणि १९११ पासून ती भरती थांबली. सगळीकडचीच करारबद्ध मजुरी बंद करा असा ठराव त्यांनी १९१२ मध्ये आणला, तो मात्र पडला. लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या विद्यापीठ कायद्याला कसून विरोध केला, तिथेही हरले. सरकारी सभासद बहुमतात, म्हणून हरणं तर ठरलेलंच.

स्वतःसाठी त्यांनी काय मागितलं? १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला. त्यात येणाऱ्याने जन्मभर देशाचं काम करायचं आणि स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही. त्याच वर्षी काशीच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. १९१४ मध्ये सरकार सर ही पदवी देत होतं, ती त्यांनी नाकारली. मला वाटतं, तडजोड करणारा उमेदवार दिसला की बघायचं ते हेच. तो कमी करतोय ते नेमकं काय? मागणी कमी करतोय, की स्वतःचा लाभ, की खरं बोलणं? गोखले मागणी कमी करत, पुष्कळदा. बाकी दोन ठिकाणी त्यांनी स्वतःला सवलत दिली नाही.

पण थांबा, त्यांना देव्हाऱ्यात बसवायचं नाही. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस भरली, तेव्हा अध्यक्ष कोण करायचा यावरून वाद होता. टिळकांच्या पक्षाला लाला लजपतराय हवे होते. लालाजी नुकतेच मंडालेच्या हद्दपारीतून सुटून आले होते. त्यांना अध्यक्ष करणं म्हणजे सरकारला थेट जबाब होता. नेमस्तांनी राशबिहारी घोष यांचं नाव धरून ठेवलं. लालाजींच्या हद्दपारीला गोखल्यांचाही विरोधच होता, पण अध्यक्षपदासाठी मुद्दाम सरकारला डिवचू नये असं त्यांना वाटलं. शेवटी लालाजींनी स्वतःच माघार घेतली, तरी भांडण मिटलं नाही. आदल्या वर्षीच्या कलकत्त्याच्या ठरावांतून नेमस्त मागे जातील अशी टिळकपक्षाला शंका होती. मंडपात जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या, काँग्रेस फुटली. ती पुन्हा एक व्हायला १९१६ साल उजाडलं, आणि तोवर गोखले गेले होते. सुरतेला मी प्रतिनिधी असते तर माझा हात लालाजींसाठी वर गेला असता. इथे नेमस्तांच्या व्यवहारीपणाने काम साधलं नाही, उलट काँग्रेसची ताकद अर्धी झाली.

त्याहून अवघड गोष्ट १९१० च्या छापखाना कायद्याची. वर्तमानपत्रांकडून जामीन मागण्याचा अधिकार सरकारला देणारा हा कायदा. गोखल्यांनी त्याला तत्त्वावर विरोध केला नाही. कायदा तात्पुरता असावा, थोड्या वर्षांची मुदत घालावी, एवढाच त्यांचा आग्रह होता, तोही सरकारने मानला नाही. पंडित मालवीय आणि भूपेंद्रनाथ बसू यांनी कायद्याला विरोध केला. पुढे त्या कायद्याने कितीतरी वर्तमानपत्रांना त्रास झाला. त्या दिवशी गोखल्यांना मत देणाऱ्याला नक्कीच पश्चात्ताप झाला असता.

सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक

आता आपल्या अगदी जवळचा विषय.

१९११ च्या जनगणनेत देशातल्या १०० माणसांपैकी जेमतेम ६ जणांना लिहिता-वाचता येत होतं. १६ मार्च १९११ ला गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. आज आपण ज्या हक्काने वर्गात मुलं बसवतो, त्याची ती पहिली मोठी मागणी. पण विधेयक वाचलं तर सुरुवातीला निराशाच होते, इतकं ते जपून लिहिलेलं आहे. सक्ती सगळ्या देशाला नाही. ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला सक्ती हवी असेल तिनेच ती आणायची. तीही सरकारची परवानगी घेऊन, आणि त्या भागातली ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जात असतील तरच. हे प्रमाण साधारण एक तृतीयांश असावं अशी गोखल्यांची सूचना होती. वय ६ ते १०. ज्या पालकांची मिळकत महिना १० रुपयांपेक्षा कमी त्यांना फी माफ. खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने द्यावा, एक तृतीयांश स्थानिक संस्थेने. आणि सुरुवात मुलग्यांपासून. मुलींना सक्ती नंतर.

हे सगळं का? कारण समोर सरकारी बहुमत होतं. आक्षेप घ्यायला जागाच ठेवायची नाही, असा गणिताच्या मास्तरांचा हिशोब होता. बडोद्यात सयाजीरावांनी अमरेली भागात आधी प्रयोग केला आणि १९०६ पासून राज्यभर सक्तीचं शिक्षण सुरू केलं होतं, तेव्हा हे अशक्य नाही हेही त्यांच्या हाताशी होतं. पण सयाजीराव राजे होते, त्यांना हुकूम काढता येत होता. गोखल्यांना मतं मिळवायची होती.

तब्येत बिघडलेली, मधुमेहाने पोखरलेलं शरीर, तरी ते वर्षभर विधेयकासाठी लोकमत जमवत राहिले. प्रांतांची सरकारं विरोधात गेली. खर्च परवडणार नाही, शिक्षक नाहीत, इमारती नाहीत, लोकांची मागणीच नाही, अशी कारणं आली. (ही कारणं आपल्याही ओळखीची आहेत!) काही बडे हिंदी सभासदही विरोधात होते. १९ मार्च १९१२ ला मतदान झालं. विधेयकाच्या बाजूने १३, विरुद्ध ३८.

एवढी काटछाट करूनही पडलं. मग पूर्ण मागणीच का नाही केली, असं आपल्या मनात येतं. पडायचंच होतं तर मोठ्या मागणीवर पडलं असतं! पण दुसरी बाजूही आहे. विधेयक चर्चेत असतानाच १९११ च्या दिल्ली दरबारात शिक्षणासाठी ५० लाख रुपये जाहीर झाले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतात नगरपालिकांना सक्ती आणू देणारा कायदा झाला, आणि त्याची वाट गोखल्यांच्या विधेयकासारखीच होती. सर्व मुलांचा हक्क म्हणून कायदा व्हायला २००९ उजाडलं. गोखल्यांनी यातलं काहीच पाहिलं नाही. १९ फेब्रुवारी १९१५ ला, वयाच्या ४८ व्या वर्षी, ते पुण्यात वारले. टिळक तेव्हा सिंहगडावर होते. बातमी कळताच ते खाली उतरले, अंत्ययात्रेला आले आणि आयुष्यभर ज्यांच्याशी भांडले त्यांच्याबद्दल लोकांपुढे गौरवाने बोलले.

वर्गातला उपक्रम

निवडणुकीच्या आदल्या दिवशी मी चौथी-पाचवीच्या २३ मुलांपुढे हे विधेयक फळ्यावर लिहिलं. सोप्या भाषेत, कलमवार. तुम्ही कौन्सिलात आहात, हात वर करा म्हटलं. १४ हात बाजूने वर गेले. ग्रंथालयाचं स्वप्न सांगणारा मुलगा त्यांत होता. ९ जण विरुद्ध होते, आणि त्यांत नळवाली उमेदवार होती. मला वाटलं होतं ती नक्की बाजूने असणार.

मी कारण विचारलं. ती फळ्यापाशी आली आणि मुलींना नंतर या शब्दांवर बोट ठेवलं. नंतर म्हणजे कधी, तारीख का लिहिली नाही, असं तिने विचारलं. तारीख असती तर तिने हात वर केला असता म्हणाली. मी तिला सांगितलं की मुलींना आधीच घातलं असतं तर आणखी मतं गेली असती. तिने विचारलं, नाहीतरी पडलंच ना? वर्गात सगळे हसले, मीही हसले, पण उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती ३ मतांनी निवडून आली. नळ अजून बसलेला नाही, अर्ज दिला आहे. हा उपक्रम तुमच्या वर्गात घेतलात तर मुलं आणि मुली यांची मतं वेगवेगळी मोजा, आणि काय निघालं ते मला नक्की कळवा.